ज्यांच्या घरी यंदा नाताळ नाही

शास्त्रपाठ : नहेम्या ८:९-१२, मत्तय २:१६-१८



डिसेंबर लागला की आपल्या मंडळ्यांत एक वाक्य हमखास कानी पडते. फराळाची यादी करताना, करोलची वाट ठरविताना, किंवा रविवारी उपासनेनंतर पायऱ्यांवर उभे राहून बोलताना कोणीतरी आवाज खाली आणून म्हणते, "त्यांच्याकडे यंदा नाताळ नाही." ऐकणारा मान हलवितो आणि ते घर यादीतून वगळले जाते. त्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला असतो. तेथे कढई चढत नाही, ताऱ्याचा कंदील लागत नाही, मुलांना नवे कपडे शिवले जात नाहीत. ही चाल आपल्याकडे कोठून आली हे सांगावयास नको. ज्या लोकांत आपण राहतो, ज्यांच्यातून आपले पूर्वज मंडळीत आले, त्यांच्याकडे पहिले वर्ष सण करीत नाहीत, आणि आपल्यापैकी पुष्कळजण तसेच करतात. त्या चालीत गेलेल्याविषयी आदर आहे, दुःखाला दिलेला वेळ आहे. तिची थट्टा करावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु "नाताळ नाही" या दोन शब्दांपाशी आम्ही एकदा चांगलेच अडखळलो, आणि ती हकिकत सांगितल्यावाचून पुढे काही लिहिणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

गोष्ट २०२१ सालच्या नाताळची आहे. आदल्या वर्षी महामारीमुळे आमच्याकडे करोलची फेरी निघालीच नव्हती, म्हणून तरुण संघाला त्या वर्षी दुप्पट उत्साह. आमच्या बेळगावकडे डिसेंबरात रात्री थंडी बरी पडते. कानटोप्या, मफलर, गळ्यात अडकविलेली पेटी, ढोलकी, एक गिटार असा आमचा मेळा रात्री साडेनऊच्या सुमारास एका बोळात शिरला. त्या बोळात आपली चार घरे. तिसऱ्या घरापाशी आलो तेव्हा दिवा मालविलेला होता. त्या घरातला कर्ता मुलगा त्याच वर्षी मे महिन्यात, महामारीच्या दुसऱ्या लाटेत गेला होता. मागे आजी, सून आणि दोन नातवंडे. पुढे चालणाऱ्या एका भावाने हळूच म्हटले, "इथे नको, यांच्याकडे यंदा नाताळ नाही." आम्ही मान हलविली. ढोलकी थांबली, पावले न वाजविता आम्ही ते दार ओलांडले आणि चौथ्या घरासमोर पुन्हा जोराने गाणे सुरू केले. आपण मोठ्या समजूतदारपणे वागलो असेच आम्हां सर्वांस वाटले.

नाताळच्या सकाळी उपासना संपल्यावर आजी दारापाशी थांबल्या. हात हातात घेऊन म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्या रात्री तुम्ही आमच्या बोळात आला होता."

आम्ही म्हटले, "होय आजी. तुम्हांला त्रास नको म्हणून..."

त्या म्हणाल्या, "पोरं जागीच होती. धाकटा खिडकीशी बसला होता. आवाज जवळ जवळ आला, मग बंद झाला, मग पलीकडून ऐकू आला. तो मला विचारतोय, आजी, आपलं घर चुकलं का त्यांचं?"

एवढे बोलून त्या पायऱ्या उतरून गेल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर काहीतरी उत्तर देता आले असते.

त्या दुपारी आम्ही ताटावर बसलो खरे, पण घास उतरेना. संध्याकाळी पवित्र शास्त्र उघडले ते मत्तयाचा दुसरा अध्याय काढून. हा अध्याय आपण दरवर्षी वाचतो, आणि दरवर्षी मागी लोकांनी सोने, ऊद व गंधरस अर्पण केल्यावर थांबतो. नाताळच्या नाटिकेत तर तेथे पडदाच पडतो, आणि पालक टाळ्या वाजवितात. पण मत्तय तेथे थांबत नाही. मागी लोक गेले, योसेफ रात्रीच बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशास निघाला, आणि मागे बेथलेहेमात हेरोदाची माणसे दोन वर्षांच्या व त्याहून लहान मुलग्यांना शोधीत घराघरांत शिरली. मत्तयाला तेथे यिर्मया संदेष्ट्याची राहेल आठवते : आपल्या मुलांसाठी आकांत करणारी, कोणी समजूत घालावयास गेले तर नको म्हणणारी आई. ताऱ्याची गोष्ट आणि या आयांचे रडणे एकाच अध्यायात आहे, त्यांच्यामध्ये फक्त काही ओळी आहेत.

लूकही काही झाकून ठेवीत नाही. शिमोन म्हातारा बाळाला हातांत घेऊन देवाला धन्यवाद देतो आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवात तलवार शिरेल. त्याच घटकेला तेथे येते ती हन्ना. लग्नानंतर सात वर्षांत तिचा नवरा गेला. आता ती ८४ वर्षांची विधवा, आणि यरुशलेमेत जे कोणी सुटकेची वाट पाहत होते त्या सर्वांना या बाळाविषयी सांगणारी तीच. आम्हांस वाटते, आपल्या करोलच्या मेळ्याने हन्नेचे दारही पावले न वाजविता ओलांडले असते!

म्हणून आम्ही विचारतो : "नाताळ नाही" म्हणजे नेमके काय नाही? करंज्या नाहीत, हे कबूल. ढोलकी नाही, हेही योग्यच, कारण ज्याचे मन फाटले आहे त्याच्या दारात नाचून गाणे हे त्याच्या जखमेवर आंबट टाकण्यासारखे आहे, असे नीतिसूत्रकारही एका ठिकाणी सुचवितो. पण तारणारा जन्मला नाही, असे आपण त्या घराला म्हणतो काय? शब्दांनी कोणी म्हणत नाही. त्या रात्री आम्ही पायांनी म्हटले, आणि खिडकीशी बसलेल्या मुलाने ते बरोबर ऐकले.

आता नहेम्याकडे वळू. बंदिवासातून परत आलेले लोक यरुशलेमेत वेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. एज्रा सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचीत आहे आणि लोक ऐकता ऐकता रडू लागले आहेत. तेव्हा त्यांना सांगितले जाते की आजचा दिवस परमेश्वरासाठी पवित्र आहे, शोक करू नका, जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या. आणि ज्यांच्यासाठी काहीच शिजविलेले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. सणाची आज्ञा आणि वाट्याची आज्ञा एकाच श्वासात. ज्यांच्या घरी काही शिजले नाही ते का शिजले नाही, गरिबीमुळे, आजारामुळे की शोकामुळे, याची चौकशी तेथे नाही. शिजले नाही एवढे पुरे.

ही आज्ञा वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या आयाबाया उभ्या राहतात. त्यांच्यापैकी कितीकींनी नहेम्या उघडून पाहिला असेल देव जाणे, पण रीत त्यांनी तीच पाडली. ज्या घरी दुःख झाले त्या घरी शेजारणींनी फराळाचे ताट न्यावयाचे, वर विणलेला रुमाल झाकून, आणि ताट ठेवून लगेच उठावयाचे नाही, घटकाभर बसावयाचे. आपले हिंदू शेजारीही दिवाळीत हेच करतात. गोव्यात आपले कॅथलिक भाऊबंद नाताळात गोडधोडाची ताटे शेजारीपाजारी पाठवितात, त्यांत हिंदूंची घरेही असतात. आणि घेतलेले ताट रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावे, हे आपल्याकडे लहान मुलीलाही सांगावे लागत नाही. पण मध्यंतरी काय झाले? फराळ दुकानातून खोक्यांत येऊ लागला. ताट नेण्याऐवजी मोबाईलवर मेणबत्तीचे चित्र जाऊ लागले. एका बोटाने दोनशे घरांना शुभेच्छा! त्यात वाईट काही नाही, दूरच्यांना तेवढे तरी पोचते. परंतु त्या चित्रापाशी कोणी घटकाभर बसत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नाताळच्या आपल्या बहुतेक चाली माणसांनी सुरू केलेल्या आहेत. २५ डिसेंबर हा दिवसदेखील शास्त्रात नाही. रोममध्ये तो पाळला गेल्याचा जुन्यात जुना दाखला ३३६ सालचा मानतात. गव्हाणीचा देखावा सेंट फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी उभा केला, तेव्हापासून त्याचा प्रसार झाला. तेव्हा चाली माणसांच्या आहेत म्हणून टाकाऊ नाहीत, आणि जुन्या आहेत म्हणून देवाच्याही नाहीत. प्रभूने वडीलधाऱ्यांच्या संप्रदायावर जे कठोर शब्द उच्चारले ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहेत. म्हातारे आईबाप उपाशी, आणि मुलगा म्हणतो की तुम्हांला जे द्यावयाचे ते मी 'कुर्बान' म्हणून अर्पण केले आहे. चाल पाळली, आईबाप टाकले. आपल्याकडे 'कुर्बान' हा शब्द कोणी उच्चारीत नाही, आपण म्हणतो, "सणाचा खर्च फार झाला हो, या महिन्यात आईला पैसे पाठविता आले नाहीत." पतसंस्थेचे कर्ज काढून शिवलेल्या कपड्यांविषयी आम्ही मागे लिहिलेच आहे, ते पुन्हा उगाळीत नाही.

एका चालीची जन्मकथा मात्र सांगण्यासारखी आहे, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना. आगमनकाळात आता आपल्याकडील कित्येक उपासनामंदिरांत हिरव्या वर्तुळात मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक अधिक. ही चाल कोणा राजाच्या प्रार्थनामंदिरात निघाली नाही. जर्मनीतील हांबुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाच्या प्रॉटेस्टंट सेवकाने १८३३ साली निराधार व रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी एक आश्रम काढला होता. ती मुले डिसेंबर लागला की रोज विचारीत, नाताळ केव्हा? त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून १८३९ साली त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या बसविल्या, आणि रोज एक अधिक लावली जाऊ लागली. ज्या मुलांच्या घरी नाताळ नव्हता, किंवा घरच नव्हते, त्यांच्यासाठी निघालेली ही चाल आज जगभर संपन्न मंडळ्या पाळतात. ती पाळताना चाक कोणाच्या प्रश्नावर फिरू लागले एवढे मुलांना सांगावे.

प्रश्न विचारला जाणे, हीच शास्त्राच्या दृष्टीने चालीची कसोटी दिसते. वल्हांडणाविषयी मोशे सांगतो की तुमची मुले विचारतील, या सेवेचा अर्थ काय. तेव्हा त्यांना सांगा. यार्देनेतून उचललेले बारा धोंडे रचताना यहोशवाही तेच सांगतो : मुले विचारतील, हे धोंडे कशाचे? जी चाल पाहून मूल काहीच विचारीत नाही ती नुसती सजावट आहे. आणि मूल विचारते पण आईबापांना सांगता येत नाही, असे झाले तर ती सजावटीपेक्षाही वाईट. आपल्या घरी नाताळच्या आदल्या रात्री लूकाचा दुसरा अध्याय वाचला जातो काय? वाचावा, आणि घरातल्या सर्वांत लहान अक्षरओळख झालेल्याने वाचावा. अडखळू द्या. आजोबांनी चूक काढू नये. दिवा मालवून एक मेणबत्ती ठेवावी, कारण अंधारात वाचताना मूल कागदाजवळ वाकते आणि ऐकणारी माणसे मुलाजवळ वाकतात. यास खर्च काहीच नाही आणि ज्या वर्षी फराळ करता येत नाही त्या वर्षीही हे करता येते. हा मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. जी चाल फक्त चांगल्या वर्षी पाळता येते ती घराला वाईट वर्षी सोडून जाते, आणि चालीची गरज तर वाईट वर्षीच असते.

म्हणून दुःखाच्या घरातील माणसांनाही आम्हांस काही म्हणावयाचे आहे. कढई चढवू नका, कोणी तुम्हांला आग्रह करणार नाही. पण ती मेणबत्ती लावा. आणि प्रार्थनेत गेलेल्याचे नाव घ्या. आपल्याकडे नाव घेतले की सर्वजण रडतील म्हणून नाव टाळतात, आणि मग पाचजण ताटावर बसून त्याच एका नावाभोवती गप्प राहतात. लहान मुलांना तर ते फार जड जाते. "बाबांना अनारसे आवडायचे" एवढे एक वाक्य कोणी बोलले की मुले मोकळी होतात. रडू आले तर येवो. त्या चौकातले लोकही रडतच होते.

मित्रमंडळींविषयी थोडे. कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरील नावे, असे आपण अलीकडे समजू लागलो आहोत. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सणाला कोणकोण आनंद करावा याची यादी आहे : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, पोरका, विधवा. निम्म्याहून अधिक नावे घराबाहेरची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अहमदनगरच्या घराची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. बालकवी ठोंबरे त्या घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्या घरात त्यांचे कवित्व व त्यांचा हट्ट दोन्ही सांभाळले गेले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली म्हणून ते आपल्याला कळले. आज आपल्या शहरांत कॉलेजच्या वसतिगृहात राहिलेली, सुटी न मिळालेली परिचारिका, बदलीवर आलेला बँकेतला तरुण, यांना नाताळच्या दुपारी कोण बोलावते? एक ताट जास्त वाढावे. कोणास बोलवावे हे २४ तारखेस नव्हे, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच घरात बसून ठरवावे, म्हणजे मुलेही नावे सुचवितात. मुलांची नावे बहुधा आपल्याला सुचली नसती अशीच असतात.

आणि ज्या भावाशी, जावेशी अबोला आहे तिकडे ताट न्यावे काय? न्यावे. ताट नेताना बोलणे आपोआप होते, निदान "रुमाल परत द्या" एवढे तरी.

शिक्षकांनी नाटिकेविषयी विचार करावा अशी विनंती. पांढरा झगा शिवण्याची ऐपत नाही म्हणून देवदूत न झालेले मूल आपल्या वर्गात असते. झगे शाळेनेच ठेवावेत, आणि नसतील तर आईची जुनी साडी मेंढपाळाच्या पागोट्यास उत्तम. बेथलेहेमातल्या रडणाऱ्या आयांचा प्रवेश लहानांकडून करवावा असे आम्ही म्हणत नाही. पण मोठ्या मुलांच्या वर्गात तो उतारा वाचावा. बाप गेलेले, आई दवाखान्यात असलेले एखादे मूल त्या वर्गात बसलेले असते, आणि आपली गोष्ट शास्त्रात आहे हे त्याला कोणीतरी दाखविले पाहिजे.

आमच्या मंडळीत २०२२ पासून करोलची फेरी निराळी निघते. पहिल्या रात्री ढोलकी घरी राहते. वर्षभरात ज्या घरांत दुःख झाले त्या घरांना आधी निरोप जातो, येऊ का म्हणून विचारले जाते. नको म्हणणाऱ्यांचे नको मानले जाते. बाकी दारांशी पाचसातजण उभे राहून एकच संथ गीत म्हणतात, प्रार्थना करतात आणि आत बोलाविले तर बसतात. पहिल्या वर्षी काही वडीलमंडळींना हे रुचले नाही. एकाने विचारले, "साहेब, हे करोल की सांत्वनसभा?" आम्हांला तेव्हा उत्तर सुचले नाही आणि अजूनही नीटसे सुचत नाही.

आजींच्या घरी आम्ही त्या वर्षी पहिल्याने गेलो. वर्ष उलटून गेलेले होते, म्हणजे चालीप्रमाणे त्यांच्याकडे नाताळ होता, तरी गेलो. धाकटा आता खिडकीत नव्हता, दारातच उभा होता. सुनेने दिवा लावला. गीत झाले, प्रार्थना झाली, आणि निघता निघता आजींनी आतून झाकलेले ताट आणून आमच्या हातात दिले. आम्ही म्हटले, "आजी, हे आमच्यासाठी कशाला?"

"तुमच्यासाठी कुठे?" त्या म्हणाल्या. "यंदा कोणाच्या घरी नाही, तुमच्यापाशी यादी असेल की. पुढच्या दारी घेऊन जा."